झाडं मोजता, म्हशी मोजता, मग सिग्नल का नाही?

प्रति,
राज्यातल्या सर्व महापालिका व नगरपरिषदांचे विद्युत विभाग, शहरोशहरीच्या वाहतूक शाखा, रस्ते ज्यांच्या ताब्यात आहेत ती सगळी खाती, आणि या सर्वांना एका टेबलाभोवती बसवू शकणारं मंत्रालय यांस

विषय : राज्यातल्या वाहतूक सिग्नलांची यादी कुणाकडेच नसल्याबाबत

महोदय, महोदया,

‘मागितलेली माहिती या कार्यालयात संकलित स्वरूपात उपलब्ध नाही.’ गेल्या महिन्यात माहिती अधिकारातल्या माझ्या अर्जाला आलेल्या उत्तरातलं हे वाक्य. मी विचारलं होतं एवढंच, की आपल्या हद्दीत वाहतूक सिग्नल किती, कुठेकुठे, आणि त्यातले चालू किती. शहर काही लहान नाही, तिथे महापालिका आहे. सिग्नलच्या देखभालीची निविदा निघते, ठेका दिला जातो, बिलं मंजूर होतात. म्हणजे ज्या वस्तू सांभाळायचे पैसे जातात, त्या वस्तू किती हेच पैसे देणाऱ्याला ठाऊक नाही. मी सहकारी पतसंस्थांचं ऑडिट करते. एखाद्या संस्थेने मला असं लेखी दिलं असतं तर तिचा वर्ग ‘अ’ वरून थेट ‘ड’ वर आला असता.

हे पत्र त्या एका कार्यालयाला नाही. तसं असतं तर प्रथम अपील केलं असतं आणि गप्प बसले असते. पण तऱ्हेतऱ्हेच्या कार्यालयांतून तऱ्हेतऱ्हेच्या शब्दांत हेच उत्तर येतं आहे, म्हणून चारचौघांत विचारते आहे.

आधी माझा या भानगडीशी संबंध काय ते सांगते, कारण ‘तुम्हाला कशाला हवंय?’ हा प्रश्न मला सिग्नलच्या लाल दिव्यापेक्षा जास्त वेळा दिसला आहे. कामानिमित्त मी तालुक्याच्या गावांपासून मोठ्या शहरांपर्यंत फिरते. सकाळची एसटी लवकर पोहोचते, संस्था अकराला उघडते. मधल्या वेळात मी गावातले सिग्नल पाहते आणि नकाशावर नोंदवते. नकाशा म्हणजे ओपनस्ट्रीटमॅप, २००४ मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झालेला, कुणालाही भर घालता येईल आणि कुणालाही फुकट वापरता येईल असा. पुढे ओळखीतून ओळख वाढली. आता आम्ही थोडे लोक मिळून राज्यभराचं हे काम करतो. एक एसटीत वाहक आहे, त्याच्या मार्गावरचा नवा खांब त्याला आधी दिसतो. एक कॉलेजातली मुलगी आहे, ती खानदेश सांभाळते. एक निवृत्त शिक्षक विदर्भातून इतक्या काटेकोर नोंदी पाठवतात की मी माझ्या शिकाऊ मुलांना त्या दाखवते. कुणी पोस्टाची तिकिटं जमवतं, कुणी गडकिल्ले मोजतं, आम्ही सिग्नल मोजतो. यात देशसेवेचा आव नाही, मजा येते म्हणून करतो.

एकूण आकडा किती भरला, हे सगळेच विचारतात. तो मी इथे मुद्दाम देत नाही, कारण आधी ‘सिग्नल’ म्हणजे काय हे ठरवावं लागतं आणि ते ठरवण्याचं काम खरं तर आपलं होतं. पुण्यातला अलका टॉकीज चौक घ्या. लक्ष्मी रस्ता, टिळक रस्ता, शास्त्री रस्ता, केळकर रस्ता आणि लकडी पूल, एवढ्या दिशांची वाहनं तिथे एकमेकांना भिडतात. चौक मोजला तर सिग्नल एक. खांब मोजले तर बरेच. खांबांवरचे दिव्यांचे संच मोजले तर त्याहून जास्त, आणि पादचाऱ्यांचे वेगळे. एकच जागा, एकच दिवस, आकडे चार. वर त्या चौकाचं सरकारी नाव टिळक चौक, लोकांच्या तोंडी अलका. गुडलक चौक कागदावर गोखले चौक असतो, स्वारगेटचा चौक जेधे चौक. दोन खात्यांनी दोन नावांनी नोंद केली की सिग्नल दुप्पट होतात, आणि दोघांनीही ‘दुसऱ्याकडे असेल’ म्हटलं की नाहीसे होतात.

म्हणून आम्ही आमच्यापुरते नियम केले. चौक हे एकक. महामार्गावरचे पिवळे सौर ब्लिंकर वेगळ्या रकान्यात, कारण ते कुणाला थांबवत नाहीत, सावध करतात. टोलनाक्याचे आणि रेल्वे फाटकाचे दिवे बाद. स्थितीचे रकाने पाच : चालू, बंद, फक्त ब्लिंकरवर, बसवला पण सुरूच झाला नाही, आणि काढून टाकला. नोंदीपुढे तारीख आणि वेळ. वेळ का, ते नागपूरकरांना विचारा. तिथे भर उन्हाळ्यात दुपारी काही चौकांतले सिग्नल मुद्दाम बंद ठेवतात, दुचाकीवाले उन्हात तापू नयेत म्हणून. मे महिन्यात दोन वाजता खांब काळा दिसला म्हणून ‘बंद’ लिहिलं तर ते खोटं ठरेल. (त्याच शहरात सिग्नलपाशी हिरवी जाळी बांधून सावलीही करतात. कुणाच्या डोक्यातून निघालं माहीत नाही, पण त्या माणसाला माझा नमस्कार.)

एवढं आम्ही फावल्या वेळात करू शकतो. आता आपल्याबद्दलच्या तक्रारी.

पहिली तक्रार यादीची. माहिती अधिकारात आपल्या राज्यात अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत लागतो. मी पन्नासेक शब्दांतच विचारते. दहा रुपयांचं तिकीट लावते. मग उत्तरं येतात. एका पालिकेने अर्ज वाहतूक शाखेकडे पाठवला, शाखेने रस्त्याच्या खात्याकडे, खात्याने ‘सिग्नल पालिकेचे असल्याने’ पुन्हा पालिकेकडे. कलम ६(३) प्रमाणे अर्ज पाच दिवसांत योग्य कार्यालयाकडे जायला हवा. माझा अर्ज फिरून पहिल्याच टेबलावर आला, आणि तिथे त्याला नवा आवक क्रमांक पडला. दुसऱ्या एका शहराने यादी पाठवली, पण स्कॅन करून, आडवी, आणि त्यात उड्डाणपूल झाल्यावर काढलेला सिग्नल ‘चालू’ होता. तिसरीकडून फाइल आली ती जुन्या फॉन्टमध्ये. उघडल्यावर अक्षरांच्या जागी नुसती चिन्हं.

इथे एका नगरपरिषदेचं कौतुक केलं नाही तर अन्याय होईल. त्यांच्याकडून फुलस्केपवर हाताने लिहिलेलं एक पान आलं. चौकाचं सरकारी नाव, कंसात लोक म्हणतात ते नाव, कोणत्या निधीतून बसवला, कधीपासून बंद, आणि शेवटी ‘हा सिग्नल नादुरुस्त असून दुरुस्तीचा प्रस्ताव सादर केला आहे’. सिग्नल मोजून चार. पण ते लिहिणाऱ्याने स्वतः जाऊन पाहिले होते, हे कळत होतं. छोट्या गावातला एक लिपिक एका पानावर जे करू शकतो ते मोठ्या शहराच्या नियंत्रण कक्षाला का जमू नये?

खरं तर मला अर्ज करावाच लागू नये. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याचं कलम ४ सांगतं, की अशी माहिती कुणी मागण्याआधी कार्यालयाने स्वतःहून जाहीर करावी. आपल्या कार्यालयातल्या पंख्यावर रंगाने क्रमांक घातलेला असतो, खुर्चीच्या पाठीवर असतो, लोखंडी कपाटावर तर असतोच. जडवस्तू नोंदवहीत त्या प्रत्येकाची ओळ असते आणि एक खुर्ची कमी भरली तर खुलासा द्यावा लागतो. काही लाख रुपयांचा सिग्नल चौकात उभा राहतो आणि त्याला साधा क्रमांक नाही. नागरी भागातल्या झाडांची दर पाच वर्षांनी गणना करायला १९७५ चा कायदा सांगतो. पशुगणना होते, त्यात गायी, म्हशी, शेळ्या, कोंबड्या सगळ्यांची मोजदाद होते. झाडं मोजणं सोपं नसतं, शेळ्या तर जागेवर उभ्याही राहत नाहीत. सिग्नल सिमेंटमध्ये पक्का रोवलेला असतो.

दुसरी तक्रार ‘सुरक्षेच्या कारणास्तव’ या शब्दांची. एका कार्यालयाने यादी नाकारताना तेच कारण दिलं. सिग्नल ही वस्तू मुळात लांबून, अंधारात, पावसात, अनोळखी माणसालासुद्धा दिसावी म्हणून उभी करतात. ती गुप्त कशी असेल? केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२१ मध्ये नकाशे आणि भूस्थानिक माहितीवरचे जुने निर्बंध सैल केले, २०२२ च्या डिसेंबरात राष्ट्रीय भूस्थानिक धोरणही आलं. हे कागद खालच्या टेबलापर्यंत पोहोचले नसावेत. त्याचा त्रास आम्हाला रस्त्यावर होतो. आमच्यातल्या त्या कॉलेजातल्या मुलीला खांबाचा फोटो काढताना एका हवालदाराने अडवलं, मोबाइल मागितला, फोटो पुसायला लावले. ती पदपथावर उभी होती. तिच्या शेजारी दोघं जण त्याच चौकात रील काढत होते, त्यांना कुणी काही विचारलं नाही.

तिसरी तक्रार मला हसत सांगता येणार नाही.

माझा मामेभाऊ एका शहरातल्या चौकात मोटारीच्या धडकेने जखमी झाला. पायात सळई आहे, चालतो, पण पूर्वीचं काम करता येत नाही. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात दावा लागला. समोरच्याचं म्हणणं, ‘माझा दिवा हिरवा होता.’ चौकातला पानवाला, पंक्चरवाला, रसवंतीवाला सगळे सांगत होते, की सिग्नल कित्येक आठवडे बंदच आहे. पण हे कागदावर कोण देणार? पालिका म्हणाली, चालू-बंद वाहतूक शाखेच्या हातात. शाखा म्हणाली, दुरुस्ती पालिकेच्या ठेकेदाराची. ठेकेदाराकडे होती ती महिन्याच्या बिलाबरोबर जोडलेली एका पानाची पावती : ‘सर्व सिग्नल सुस्थितीत.’ चौकात अंधार आणि फाइलमध्ये उजेड. त्या पानाखाली कुणाची तरी सहीही होती.

मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने १९८-अ हे कलम आलं. रस्त्याची रचना, बांधणी किंवा देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे न केल्यामुळे कुणाचा जीव गेला किंवा अपंगत्व आलं, तर जबाबदार यंत्रणेला, ठेकेदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. चांगली तरतूद आहे. पण एखादा सिग्नल अमुक तारखेला बंद होता याची नोंदच कुठे होत नसेल, तर हे कलम लावायचं कशाच्या आधारावर? सिग्नल कधी बंद पडला, कुणाला कळवलं, कधी सुरू झाला, एवढ्या तीन गोष्टींची वही ठेवणं म्हणजे फार मोठी गोष्ट नाही. पतसंस्थेतला शिपाई जनरेटर किती तास चालला ते लिहून ठेवतो.

चौथी तक्रार अपघातांच्या आकड्यांची, आणि लेखापरीक्षक म्हणून मला ती सगळ्यांत जास्त खुपते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालय दर वर्षी देशातल्या रस्ते अपघातांचा अहवाल काढतं. त्यात एक तक्ता असतो : अपघात झाला तिथे सिग्नल होता, पोलीस होता, थांबा अशी पाटी होती, ब्लिंकर होता, की कसलंच नियंत्रण नव्हतं. म्हणजे सिग्नल असलेल्या चौकांत किती अपघात झाले, किती माणसं गेली, हे राज्यवार छापून येतं. पण असे चौक एकूण किती, हेच माहीत नाही. समजा एका जिल्ह्यात सिग्नलच्या चौकांत शंभर अपघात झाले आणि दुसऱ्यात चाळीस. कुठले चौक जास्त धोक्याचे? पहिल्या जिल्ह्यात असे चारशे चौक असतील आणि दुसऱ्यात वीसच, तर उत्तर उलटं होतं. भागाकार करायला खालची संख्या लागते. ती आपल्याकडे नाही, म्हणून त्या तक्त्याचा उपयोग शून्य. अपघाताची जागा अक्षांश-रेखांशासह टिपणारी आयरॅड प्रणाली केंद्राने आणली तेव्हा पहिल्या सहा राज्यांत महाराष्ट्र होता. आज पोलीस हवालदार अपघाताच्या जागी उभा राहून मोबाइलवर ठिकाण नोंदवतो. त्या ठिकाणाशेजारी सिग्नलचा ठिपका ठेवायला मात्र सरकारकडे ठिपकाच नाही.

आणि एक सांगू? ई-चलान आलं की त्यावर चौकाचं नाव असतं, तारीख असते, मिनिटापर्यंत वेळ असते, माझ्या स्कूटरचा पाठमोरा फोटो असतो. मी कोणत्या सिग्नलला चुकले हे राज्याला चोख कळतं.

पाचवी तक्रार चालणाऱ्यांची. रस्त्याची आखणी करताना पादचारी सेकंदाला सुमारे १.२ मीटर चालतो असं धरतात. तो तरुण माणसाचा हिशेब झाला, पण तोही धरला तर अठरा मीटरचा रस्ता ओलांडायला पंधरा सेकंद हवेत. एका मोठ्या चौकात अशाच रुंदीच्या रस्त्यावर मी हिरवा माणूस घड्याळ लावून पाहिला. नऊ सेकंद. माझी सासू शहाऐंशीची आहे, नऊ सेकंदांत ती पदपथावरून खाली उतरते. बऱ्याच चौकांत पादचाऱ्यांचा दिवा असतो पण पेटत नाही. कुठे तो झाडाच्या फांदीआड असतो, कुठे कुणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छांच्या फ्लेक्सआड. अंध माणसाला ओलांडायची वेळ झाल्याचं आवाजावरून कळेल अशी सोय ज्या नकाशावर आम्ही काम करतो त्यात नोंदवता येते. आमच्या नोंदींत तो रकाना बहुतेक ठिकाणी ‘नाही’ने भरलेला आहे. दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा २०१६ चा.

कल्पकतेची आपल्याकडे वानवा नाही. २०२० मध्ये मुंबईत दादर-माहीम भागात पादचारी सिग्नलवर पुरुषाऐवजी स्त्रीची आकृती झळकली, देशभर बातमी झाली, मलाही आनंद झाला. त्याच वर्षाच्या सुरुवातीला मुंबई पोलिसांनी काही सिग्नलना आवाज मोजणारं यंत्र जोडल्याची चित्रफीत काढली होती : हॉर्नचा गोंगाट वाढला की लाल दिव्याची वेळ पुन्हा पहिल्यापासून सुरू. लोकांनी ती डोक्यावर घेतली. अशा गोष्टी सुचणाऱ्या यंत्रणेला साधी यादी करणं अवघड जात असेल यावर माझा विश्वास बसत नाही. यादीची बातमी होत नाही, एवढंच.

सहावी तक्रार थोडक्यात. सिग्नल कुठल्या ना कुठल्या निधीतून बसतो : जिल्हा नियोजनचा, आमदार निधी, पालिकेचा, नाहीतर जाहिरातीच्या हक्कांच्या बदल्यात एखाद्या एजन्सीचा. उद्घाटन होतं, नारळ फुटतो. जाहिरातीचा करार संपला की एजन्सी जाते, दिवा जातो, खांब राहतो. मग त्या खांबावर क्लासच्या पाट्या लागतात. माझ्या माहेरच्या तालुक्याच्या गावात स्टँडसमोर असा एक खांब आहे. त्याची कंट्रोलरची पेटी तारेने बांधलेली आहे. दार थोडं ओढून पाहिलं तर आत गांधीलमाशांचं घर, आणि त्याखाली एका चिकटपट्टीवर कुण्या तंत्रज्ञाने पेनाने लिहिलेले चार दिशांचे सेकंद. शाई उडालेली, पण वाचता येते. टायमरवर सगळे दांडे पेटून ‘८८’ दिसायचं, मग तेही गेलं. हा सिग्नल आज कुणाच्या मालकीचा आहे, हे मी तीन कार्यालयांत विचारलं. कुणीच घ्यायला तयार नाही.

बाहेर काय चालतं तेही सांगते, म्हणजे मी अशक्य काही मागते आहे असं वाटायला नको. लंडन शहरात सहा हजारांहून जास्त सिग्नल आहेत आणि ते सांभाळणाऱ्या यंत्रणेला प्रत्येकाचा ठावठिकाणा माहीत आहे. कॅनडातलं टोरांटो शहर आपल्या सिग्नलांची यादी नकाशासकट कुणालाही उतरवून घेता येईल अशी ठेवतं. कुठल्या सिग्नलला अंधांसाठी आवाजाची सोय आहे, हेही त्यात दिसतं. त्यांच्याकडे पैसा जास्त आहे, मान्य. पण यादीला पैसा लागत नाही, एक माणूस आणि एक दुचाकी लागते. आपल्या बहुतेक शहरांतले सिग्नल एका आठवड्यात पाहून होतील.

गंमत अशी, की गरज पडली की आपण आमच्याकडेच येता. एका शहरातल्या अभियंत्यांनी देखभालीचं अंदाजपत्रक करायचं म्हणून आमच्या नकाशावरून आपल्याच शहराची यादी काढून घेतली, आणि दोन ठिकाणं नीट दिसत नाहीत म्हणून मला फोन केला. सज्जन माणूस, अडचण मोकळेपणाने सांगितली. मी लगेच दुरुस्त करून दिली. त्याच शहराकडून माझ्या अर्जाला उत्तर होतं : माहिती उपलब्ध नाही.

आता मागण्या. फार नाहीत.

एक. राज्यातल्या २९ महापालिका आणि सर्व नगरपरिषदांनी आपापल्या हद्दीतल्या सिग्नलांची यादी करावी आणि संकेतस्थळावर ठेवावी. चौकाची दोन्ही नावं, अक्षांश-रेखांश, मालकी कुणाची, दुरुस्ती कुणाची, कोणत्या वर्षी बसवला, आज चालू की बंद. साध्या तक्त्याच्या फाइलमध्ये, युनिकोडमध्ये. स्कॅन नको. यादीवर तारीख हवीच, कारण चौक बदलतात. पुण्यात विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल २०२० मध्ये पाडला, मग मेट्रोची कामं आली. त्याआधीची यादी त्या भागापुरती तरी रद्दीच.

दोन. ज्या महामार्गांचे तुकडे शहरांतून जातात तिथल्या सिग्नलबाबत ‘आमचा नाही’ हे उत्तर बंद व्हावं. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा रस्ता सुरक्षा समिती असते. तिच्या एका बैठकीत सगळी खाती समोरासमोर असतात. प्रत्येक खांबाचा धनी तिथेच ठरवून इतिवृत्तात लिहावा.

तीन. प्रत्येक खांबाला क्रमांक, आणि क्रमांकाखाली तक्रारीचा फोन. विजेच्या रोहित्रावर क्रमांक असतो म्हणून लाइट गेली की लोकांना सांगता येतं कुठला बिघडला ते.

चार. बंद पडल्याची आणि सुरू झाल्याची तारीख-वेळ नोंदवणारी वही, लोकांना पाहता येईल अशी. ठेकेदाराचं मासिक बिल या वहीशी ताडून मगच मंजूर करावं. ‘सर्व सिग्नल सुस्थितीत’ या एका ओळीवर एक रुपयाही देऊ नये. हे मी नागरिक म्हणून कमी आणि ऑडिटर म्हणून जास्त सांगते आहे.

पाच. पादचाऱ्यांना किती सेकंद मिळतात आणि आवाजाची सोय आहे का, हे दोन रकाने यादीत असावेत. आज सगळीकडे ‘नाही’ भरावं लागलं तरी चालेल. रकाना असला की पुढच्या वर्षी कुणीतरी विचारेल.

सहा. सार्वजनिक रस्त्यावरून सिग्नलचा फोटो काढणाऱ्याला अडवू नये, असं साधं परिपत्रक वाहतूक शाखांनी आपल्या कर्मचाऱ्यांना द्यावं. त्या हवालदारावर माझा राग नाही. आठ तास धुरात उभं राहणाऱ्या माणसाला कुणी सांगितलंच नसेल तर तो संशय घेणारच.

हे सगळं येत्या अंदाजपत्रकात सिग्नलसाठी तरतूद करण्याआधी व्हावं, म्हणजे ३१ मार्चच्या आत. नवे सिग्नल बसवू नका असं मी म्हणत नाही. आहेत ते आधी मोजा आणि मग सांगा नवे कुठे हवेत.

आमच्या नोंदी आजही खुल्या आहेत. त्या वापरायला परवानगी लागत नाही, पैसे लागत नाहीत. नकाशाचा उल्लेख करा, आणि त्यात भर घालून यादी जाहीर केलीत तर तीही अशीच खुली ठेवा, एवढंच तो परवाना मागतो. आमच्या यादीवर विश्वास ठेवा असंही म्हणत नाही, उलट तपासा. जिथे आमची नोंद आणि आपली नोंद जुळणार नाही, तिथे दोघांनी मिळून चौकात जाऊन पाहू. सहकारी संस्थांची ऑडिटं जुलैअखेर संपतात. ऑगस्टपासून मी मोकळी असते, आणि येण्याजाण्याचं भाडं माझं मी भरेन.

आपली,
सिग्नल मोजणारी एक लेखापरीक्षक
पुणे